देहरंगचं पाणी आणि एस्प्रेसो

आमच्या घरात कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वर जायफळ किसलेली. पाहुणे रात्री जेवायला थांबले की आई ती करायची. एस्प्रेसो मी पहिल्यांदा प्यायले बंगळूरला, नोकरीच्या ट्रेनिंगला गेले होते तेव्हा. ती चव जिभेवरून जाईचना. पनवेलला परत आल्यावर दोन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि घरी यंत्र आणायचं ठरवलं.

दुकानात सगळ्यात आधी खोक्यावरचा आकडा दाखवतात, १५ बार, २० बार. खरं तर कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब पुरतो. मी आकडा सोडून दिला आणि तीन गोष्टी विचारल्या. बॉयलर पितळेचा आहे का, कॉफी भरायचा दांडा ५८ मिलिमीटरचा आहे का (त्या मापाच्या चाळण्या सहज मिळतात), आणि वरचं झाकण साध्या पेचकसाने उघडतं का. जे घरी उघडता येत नाही ते घ्यायचं नाही, एवढं पक्कं होतं. जमवलेल्या पैशांतला जवळजवळ तिसरा हिस्सा ग्राइंडरवर खर्च केला. त्याचा मला आजही पस्तावा नाही. पूड एकसारखी पडली नाही तर कितीही महागडं यंत्र आणा, अर्धी कॉफी कडू उतरते आणि अर्धी आंबट.

चिकमगळूरच्या बिया, १८ ग्रॅम पूड, २५ ते ३० सेकंदांत कपात ३६ ग्रॅम कॉफी. पहिलं वर्ष असं मजेत गेलं.

मग मे महिना आला. आमच्या भागाला एरवी देहरंग धरणाचं पाणी. ते पावसाचं, साठवलेलं, बऱ्यापैकी मऊ. पण उन्हाळ्यात धरण तळाला जातं आणि सोसायटीत टँकर येतात. त्यातले काही बोअरवेलवर भरलेले. मी मात्र रोजच्या सवयीने नळाचं पाणी यंत्रात ओतत राहिले. जून संपता संपता तीस सेकंदांची कॉफी पन्नास सेकंदांवर गेली. ग्राइंडर जाड केला, तरी धार बारीकच. पुढे वाफेचा जोर गेला, आणि यंत्र बंद असतानाही नळीतून थेंब गळायला लागले.

आमच्याकडे मिक्सर दुरुस्तीला येणारे काका आहेत. त्यांनी एस्प्रेसोचं यंत्र कधी उघडलं नव्हतं, पण जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून आम्ही दोघांनी ते खोललं. बॉयलरचं झाकण निघालं तशी आत पांढऱ्या पापुद्र्यांची रास दिसली, अंड्याच्या टरफलासारखी. हीटिंग कॉइल त्याखाली पुरती झाकली होती. "ताई, हे गीझरचंच दुखणं आहे," काका म्हणाले. आणि तेच खरं होतं. जड पाणी तापलं की त्यातला चुना सुटून धातूवर बसतो. एस्प्रेसोच्या यंत्रात पाण्याची वाट एके ठिकाणी मिलिमीटरहूनही बारीक असते, तिथे एक कपचा अडकला तरी पुरे. गळती होत होती तीही अशाच एका कपच्यामुळे. दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी तो अडकला होता.

आई शेजारी उभी राहून बघत होती. आजोळी न्हाणीघरातला तांब्याचा बंब ती चिंच लावून घासायची. तिनेच विचारलं, "ह्याला आंबट चालत नाही का?" चालतं. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ते पाणी बॉयलरमध्ये वीस मिनिटं ठेवलं. फसफसून थर सुटला. मग चार टाक्या भरून स्वच्छ पाणी फिरवलं. कडक झालेली रबरी रिंग बदलली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी २८ सेकंदांत उतरली.

तेव्हापासून पाण्यावर माझं लक्ष असतं. नुसतं आरओचं पाणी वापरून बघितलं, तर कॉफी फिकी लागली. थोडे क्षार असल्याशिवाय पुडीतली चव पाण्यात नीट उतरत नाही. आता दोन वाट्या आरओचं आणि एक वाटी गाळलेलं नळाचं, असं मिसळते. टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यात चुना किती ते सांगत नाही. त्यासाठी मासे पाळणाऱ्यांच्या दुकानात थेंब टाकून जडपणा मोजायचं किट मिळतं. टँकर सुरू झाले की मी दर आठवड्याला मोजते आणि नळाचं पाणी कमी करत जाते.

बाकीची निगा सोपी आहे. दूध तापवलं की वाफेची नळी त्याच क्षणी ओल्या फडक्याने पुसायची, वाळलेलं दूध नंतर नखानेही निघत नाही. रोज रात्री बिनभोकाची चाळणी लावून नुसतं पाणी उलटं फिरवायचं, पंधरा दिवसांतून एकदा त्यातच यंत्र धुण्याची खास पूड. कॉफीवर पाणी सोडणारी वरची जाळी महिन्याला काढून घासायची, तिच्यामागे जुनं तेल साचतं आणि कॉफीला खवट वास येतो. आषाढ-श्रावणात पनवेलची हवा इतकी ओली असते की ग्राइंडरचं माप रोज थोडं बदलावं लागतं. बिया मी तेव्हा पाव किलोच मागवते.

घरासाठी यंत्र घ्यायचं तुमच्या मनात असेल तर पैसे भरण्याआधी आपल्या नळाचं पाणी एकदा मोजून घ्या, आणि मे महिन्यात पुन्हा एकदा.