सतरा आणि सतरा

‘क्वीन ऐकायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं एखाद्या तरुण मुलानं विचारलं की मला फार आनंद होतो, आणि पाठोपाठ थोडी काळजीही वाटते. क्वीन या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडच्या निवडक गाण्यांचे संग्रह उदंड आहेत, आणि एकातली गाणी दुसऱ्यात सापडतातच. शेवटी गाणी तीच, असं म्हणून नवखा माणूस हाताला लागेल तो संग्रह ऐकू लागतो. गाणी तीच, हे खरंच. पण गाण्याला शेजार असतो, मागचंपुढचं असतं. ते बदललं की ओळखीचं गाणंही वेगळं ऐकू येतं.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च घ्या. 1981 सालच्या ब्रिटिश ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये ते पहिलंच गाणं आहे. जवळजवळ सहा मिनिटांची ती रचना! एकट्या माणसाची कबुली, मग ऑपेराचा गलबला, मग गिटारचा लोट. दार उघडताच हे सगळं अंगावर येतं आणि पुढं काहीही घडू शकतं याची खात्री पटते. 2009 च्या ‘ॲब्सोल्यूट ग्रेटेस्ट’मध्ये तेच गाणं विसावं, म्हणजे अगदी शेवटचं. तिथं त्याची भैरवी होते. अमेरिकेत तर 1992 मध्ये ‘वेन्स वर्ल्ड’ या चित्रपटानं ते पुन्हा गाजवलं आणि ‘क्लासिक क्वीन’ या संग्रहात ते गेलं. मग त्याच वर्षी तिथं निघालेल्या ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये त्याला जागाच उरली नाही.

‘ग्रेटेस्ट हिट्स’चा 1999 चा तिसरा भाग पाहुण्या गायकांचा आणि चौघांतल्या काहींच्या स्वतंत्र कामाचा. तो सावकाश ऐकावा. सुरुवातीसाठी माझं उत्तर पक्कं आहे: 1981 चा ब्रिटिश पहिला भाग आणि 1991 चा दुसरा. दोन्ही घ्यायचे, याच क्रमानं. इकडे सतरा, तिकडे सतरा, आणि दोन्हींत मिळून एकही गाणं दुसऱ्यांदा येत नाही.

पहिल्या भागात प्रत्येकाची वही वेगळी आहे. ‘किलर क्वीन’, ‘समबडी टू लव्ह’ फ्रेडी मर्क्युरीची. ‘सेव्ह मी’, ‘नाऊ आय ॲम हिअर’ ब्रायन मेची. अबोल जॉन डीकननं ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ लिहिलं आणि ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’मधली ती बेसची चालही त्याचीच. ड्रमवर बसणाऱ्या रॉजर टेलरचं मात्र या सतरांत एकही गाणं नाही. दुसऱ्या भागात तो ‘रेडिओ गा गा’ आणि ‘अ काइंड ऑफ मॅजिक’ घेऊन येतो, आणि चौथी वही उघडते. 1989 च्या ‘द मिरॅकल’ या अल्बमपासून तर या भागातलं कुठलंही गाणं कुणीही रचलेलं असो, त्याखाली नाव एकच: क्वीन. झांझिबारात जन्मलेला, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये पियानो वाजवणारा पारशी मुलगा फारोख बल्सारा म्हणजेच हा फ्रेडी! गर्दीचं लक्ष कायम त्याच्याकडे असायचं, आणि तोही या एका नावात आपलं नाव मिसळून टाकतो. दहा वर्षांतलं हे जवळ येणं एकाच तबकडीवर वीस गाणी कोंबली की हरवतं. मला ते हरवू द्यायचं नसतं.

दुसरा भाग 28 ऑक्टोबर 1991 ला आला. 23 नोव्हेंबरला फ्रेडीनं आपल्याला एड्स झाल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला. वय 45. आजारपणात त्यानं गायलेलं ‘द शो मस्ट गो ऑन’ या भागात सोळावं आहे. तो आवाज ऐकल्यावर पुढं काही ऐकवत नाही. पण तिथं थांबू नये. सतरावं गाणं आहे ‘वन व्हिजन’. 1985 च्या उन्हाळ्यात ‘लाइव्ह एड’ या कार्यक्रमाच्या मंचावर क्वीननं वेम्बली जिंकलं, आणि त्याच वर्षी चौघांनी मिळून हे रचलं. त्याखाली चौघांचं एकत्र नाव आहे आणि त्यात जोर आहे, मस्ती आहे. म्हणून त्या मुलाला मी एवढंच सांगतो, सोळाव्यानंतर डोळे पुस, आवाज वाढव, आणि सतरावं पूर्ण ऐक.