वीस हजारांतलं कार्ड

सिकंदराबादच्या पार्क लेनवर चिनॉय ट्रेड सेंटर आहे. पूर्ण नाव कोणी घेत नाही, सगळे ‘सीटीसी’च म्हणतात. मुंबईकरांचा लॅमिंग्टन रोड, तशी ही आमची हैदराबादची कॉम्प्युटरची पेठ. तिथून सुटे भाग आणून लोकांना पीसी जोडून देणं हा माझा धंदा. एखादा मोठा गेम आला की पुढचे काही आठवडे एकच प्रश्न कानावर येतो: “काका, वीस हजारांत कार्ड कुठलं बसेल?”

विचारतो मुलगा, पैसे देणारे वडील मागे जरा अवघडून उभे असतात. काचीगुड्याकडच्या मराठी घरातले असले तर मुलगा माझ्याशी मराठीत, दुकानदाराशी दखनीत आणि मित्राशी फोनवर तेलुगूत बोलतो. यूट्यूबवर त्याने सगळं बघितलेलं असतं. मी लगेच कार्डाचं नाव सांगत नाही. गेम कुठला, मॉनिटर कुठला आणि मदरबोर्ड कोणत्या सालचा, एवढं आधी विचारतो. वडिलांना वाटतं, हा वेळ काढतोय.

गेमबरोबर किमान आणि शिफारस अशा दोन याद्या येतात. त्या वाचता येणं हीच या धंद्यातली विद्या. काही अटी खाली आणता येतात. सावल्या कमी करा, गवत विरळ करा, रिझोल्यूशन उतरवा. गेम दिसायला बेंगरूळ होईल, पण चालेल. काही अटींशी मात्र तडजोडच होत नाही. स्वस्तातलं कार्ड निवडायचं म्हणजे या दुसऱ्या अटी आधी हुडकायच्या. पहिल्या प्रकारच्या अटींवर मुलं तासन्‌तास वाद घालतात, त्यांना घालू द्यावा.

‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ डिसेंबर २०२४ मध्ये आला. रे ट्रेसिंगचं हार्डवेअर कार्डातच हवं, ही त्याची अट. सेटिंगमध्ये जाऊन ते पूर्ण बंद करायची सोय ठेवलेलीच नाही. २०१७ मध्ये जीटीएक्स १०८० टीआय म्हणजे बादशाही कार्ड होतं: ११ जीबी मेमरी, २५० वॅट वीज. या गेमला ते चालत नाही. आणि २०२१ चं, १३२ वॅटवर भागवणारं, मधल्या फळीतलं आरएक्स ६६०० त्याच गेमच्या किमान यादीत आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या ‘डूम: द डार्क एजेस’चीही हीच तऱ्हा. उलट ऑगस्ट २०२४ चा ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ दिसायला केवढा भव्य, पण किमान यादीत २०१६ चं जीटीएक्स १०६० मान्य करतो. आपल्या पुण्यात तयार झालेला ‘राजी’ तर निन्टेन्डो स्विचसारख्या हातात मावणाऱ्या यंत्रावरही आला होता. त्याच्यासाठी वडिलांना पार्क लेनपर्यंत आणायची गरज नाही. ‘नवा गेम’ एवढ्यावरून मला काहीच ठरवता येत नाही, ते यामुळे.

दुसरी न उतरणारी अट मेमरीची. ती पूर्ण उतरत नाही असं नाही, पण तिची खोड वेगळी आहे. कार्डावरची मेमरी भरली की उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये जातो आणि मदरबोर्डच्या स्लॉटमधून ये-जा करत राहतो. पडद्याच्या कोपऱ्यात सरासरी एफपीएस साठ दिसतो आणि वळणावर गाडी नेमकी अडकते. कमी एफपीएसची डोळ्याला सवय होते, या झटक्यांची होत नाही. म्हणून आज नवं कार्ड घेणाऱ्याला मी ८ जीबीच्या खाली उतरू देत नाही. आरटीएक्स ३०५० ६ जीबीचंही मिळतं आणि ८ जीबीचंही. नाव तेच, पण ६ जीबीवाल्याची चिपही थोडी छाटलेली आहे.

मात्र नुसते जीबी मोजणाराही फसतो. “लेलो भाई, चार जीबी है!” म्हणत खपवलं जाणारं जीटी ७३० मी आजही पाहतो. त्यावरची डीडीआर३ मेमरी इतकी संथ, की चार जीबी असून उपयोग नाही. जीटी १०३० ची गंमत तर आणखी वरची. जीडीडीआर५ वाल्यात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, डीडीआर४ वाल्यात जेमतेम १७, आणि नाव दोन्हींचं तेच. हे फसवणुकीत बसत नाही म्हणतात. मी बसवतो.

मदरबोर्डचं साल विचारतो त्याचं कारण स्लॉट. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं आरएक्स ६५०० एक्सटी पीसीआयईच्या चारच लेन वापरतं. नव्या बोर्डावर ते तग धरतं, पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मात्र ढेपाळतं. आणि स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे बहुधा जुनाच बोर्ड असतो. ६६०० आठ लेनवर चालतं, तिथे तोटा किरकोळ. इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये १२ जीबी घेऊन आलं, दामही वाजवी. पण बोर्डात ‘रिसाइझेबल बार’ ही सोय नसेल तर मी ते सुचवत नाही.

सेकंडहँडविषयी लोक उगाच घाबरतात. २०२१ मध्ये क्रिप्टो मायनिंगवाल्यांनी कार्डं पळवली. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि तीच कार्डं बाजारात परत आली. मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. चिप सहसा टिकते. झिजतात पंखे, सुकतात मेमरीवरचे थर्मल पॅड. पंखा हाताने फिरवून बघावा, दुकानातच पंधरा-वीस मिनिटं लोड देऊन तापमान बघावं. हे मे महिन्यात केलं तर उत्तम. पारा चाळिशीपार असताना जे कार्ड टिकलं ते वर्षभर टिकतं. आणि जीपीयू-झेड चालवावं. जुन्या चिपवर नवं नाव चढवलेली कार्डं ते बऱ्याचदा पकडतं.

कार्डांच्या चिप तयार करणाऱ्या एनव्हिडिया आणि एएमडी या दोघांचीही इंजिनिअरिंग केंद्रं याच शहरात आहेत. कधीकधी तिथली माणसं माझ्याकडे भावासाठी पीसी बांधून घ्यायला येतात. त्यांनाही दर तोच: डॉलरचा भाव आणि वर १८ टक्के जीएसटी.

तर १०८० पीचा मॉनिटर आणि वीस हजारांच्या आसपासची रक्कम असेल, तर माझं मत ६६०० ला. बोर्ड नवा असेल आणि थोडे पैसे वाढवता आले, तर बी५८०. डीएलएसएससाठी एनव्हिडियाच हवं असा मुलाचा हट्ट असेल तर ८ जीबीचं आरटीएक्स ४०६० शोधा, वीजही ११५ वॅटच खातं. बिल पक्कं घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. वॉरंटीच्या वेळी तो कागद लागतो.

आणि वडिलांना एक विनंती. जुन्या कॅबिनेटमधल्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यापुढे किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. १८ असतील, तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघांनी मिळून एवढ्यातच भागवायचं. तसं असेल तर वीस हजारांतले तीन-चार हजार आधी चांगल्या एसएमपीएससाठी काढून ठेवा आणि उरलेल्या पैशांत बसेल ते कार्ड घ्या.