दर अर्ध्या तासाला चार किलो

लॉगबुकातल्या सगळ्या नोंदी सारख्याच आहेत, एवढ्या कारणावरून एका माणसाला खोटारडा ठरवलेलं मी भोसरीच्या एका कारखान्यात पाहिलं. ते मला अजून पचलेलं नाही.

आम्ही रबराचे रोलर बनवायचो. लोखंडी शाफ्टवर कच्चं रबर चढवायचं, वरून ओल्या कापडी पट्ट्या आवळायच्या आणि रोलर ऑटोक्लेव्हमध्ये वाफेवर शिजवायचे. प्रोसेस कार्डावर तास ठरलेले आणि प्रेशर चार किलो. किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर असं तिथे कोणी म्हणत नाही. मी इन्स्ट्रुमेंट विभागात होतो. ऑटोक्लेव्हवर रात्रपाळीला जे ऑपरेटर असायचे त्यांना सगळा कारखाना मामा म्हणायचा.

ऑटोक्लेव्हवरचं 0 ते 7 किलोचं जुनं प्रेशर गेज अडकायला लागलं, म्हणून मेंटेनन्सने ते काढलं. स्टोअरमध्ये त्या रेंजचं नव्हतं, 0 ते 25 चं होतं. तेच बसवलं. नवं कोरं, कॅलिब्रेशन सर्टिफिकेटसकट. पुढे काही रोलर गिऱ्हाइकाकडून परत आले. वरून गुळगुळीत, आत रबर कच्चं.

चौकशीला मामांना उभं केलं आणि लॉगबुक टेबलावर उघडून ठेवलं. दर अर्ध्या तासाला 4.0, खाली पुन्हा 4.0, पानभर तेच. साहेबांचं म्हणणं असं की रात्रभर वाफ एवढी स्थिर राहूच शकत नाही. तुम्ही झोपलात, वाफ पडली आणि सकाळी एका बैठकीत पान भरलंत. मामा एवढंच म्हणाले, "साहेब, काटा चारवरच होता. दुसरं काय लिहू?" मी म्हटलं, आधी गेज उतरवून तपासू या. उत्तर आलं, त्याचं सर्टिफिकेट आहे. फाइल मागवली गेली. शेरा होता, 'मर्यादेत'. तिथेच चौकशी संपली आणि मामांच्या हातात मेमो पडला, वेतनवाढ रोखली गेली.

त्या नव्या गेजच्या डायलवर दोन रेषांमधलं अंतर अर्ध्या किलोचं होतं. वाफ 3.9 झाली काय, 4.1 झाली काय, काटा चारच्या रेषेवरच दिसणार. मी लॉगबुकाची मागची पानं उलटली. जुन्या गेजवर 0.1 च्या रेषा होत्या आणि त्या पानांवर त्याच मामांच्या अक्षरात 3.9, 4.1, 4.0, 3.8 असे आकडे होते. माणूस तोच, बॉयलर तोच. बदललं होतं फक्त गेज. ज्या सारखेपणावरून त्यांना खोटं ठरवलं, तो त्यांनी प्रामाणिकपणे वाचलेला डायल होता.

मग मी गेज उतरवून कंपॅरेटर पंपावर मास्टर गेजशेजारी लावलं. याने चार दाखवले तेव्हा मास्टरवर साडेतीन. आणि खरा धक्का सर्टिफिकेट नीट वाचल्यावर बसला, कारण तिथे ही गोष्ट छापलेलीच होती. पाच किलोच्या बिंदूपुढे, त्रुटीच्या रकान्यात, अधिक 0.5. गेज 2.5 वर्गाचं, म्हणजे पूर्ण रेंजच्या अडीच टक्के चूक माफ. पंचवीस किलोचे अडीच टक्के म्हणजे 0.625. अर्ध्या किलोची चूक त्यात आरामात बसते. हे टक्के वाचलेल्या आकड्यावर नसतात, पूर्ण रेंजवर असतात. म्हणून पंचवीसच्या टोकाला अडीच टक्के असलेली सूट चारवर येईपर्यंत पंधरा टक्क्यांच्या वर जाते. तेच 2.5 वर्गाचं गेज 0 ते 7 चं असतं, तर माफ चूक 0.175 च राहिली असती.

वाफेचं प्रेशर म्हणजे तिचं तापमान. चार किलोला संपृक्त वाफ सुमारे 151 अंशांवर असते, साडेतीनला सुमारे 147. रबरात ढोबळ हिशोब असा की दहा अंश कमी झाले तर शिजायला दुप्पट वेळ लागतो. चार अंशांनी साधारण एक तृतीयांश वेळ वाढतो. तेवढा वेळ त्या रोलरना मिळालाच नाही. हे सगळं मी कागदावर मांडून नेलं. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, गेज पास आहे ना, मग दोष गेजचा कसा?

तेव्हा मला त्या गेजचा संताप आला होता. आज वाटतं, गेज वाईट नव्हतं. पंधरा किलोच्या हायड्रॉलिक लाइनवर त्याने नेमाने काम केलं असतं. पर्चेसवर मी चिडलो होतो, पण इंडेंटवर 'प्रेशर गेज, चार इंची डायल' एवढंच लिहिलेलं असेल तर पर्चेसवाला तरी काय आणणार? तरी मेमोचा राग मात्र तसाच आहे.

गेज मागवताना रेंज, वर्ग, जोडणीचा आटा आणि आतून काय वाहणार ते लिहा. रोजचं स्थिर प्रेशर डायलच्या मधल्या एक तृतीयांश भागात यावं आणि पूर्ण रेंजच्या पाऊण हिश्श्यापलीकडे जाऊ नये. कंपनं असतील तिथे ग्लिसरीन भरलेलं घ्या. वाफेवर सायफन नळी लावून पहिल्यांदा तिच्यात पाणी भरा. गरम वाफ थेट गेजच्या आतल्या बोर्डन नळीत गेली की ती नळी हळूहळू आपली ताकद गमावते. ऑक्सिजनच्या लाइनवर तेल लागलेलं गेज कधीही बसवू नका, तिथे आग लागते. आवळताना पाना चौकोनी बुडालाच लावा. डबी धरून पिळणारे फिटर मी आजही पाहतो. आणि कॅलिब्रेशन चढत्या-उतरत्या दोन्ही बाजूंनी करून घ्या, त्यातला एक बिंदू तुमच्या रोजच्या प्रेशरचा असू द्या.

ऑटोक्लेव्हवर नंतर 0 ते 7 चं, 1 वर्गाचं गेज आलं. रोलर परत यायचे थांबले. मेमो मागे घेतला गेला नाही. मामा तो फाइलमध्ये घेऊनच निवृत्त झाले. सर्टिफिकेट हाती असलेल्या प्रत्येक साहेबाला माझी विनंती आहे: 'मर्यादेत' या शेऱ्यावर थांबू नका, त्रुटीचा रकाना वाचा, आणि त्याची एक प्रत लॉगबुक भरणाऱ्या ऑपरेटरच्या हातात द्या.