छत्रीचा टीव्ही आणि बांचा नियम



मागच्या लेखानंतर दोघीतिघींनी विचारलं, "तुमच्याकडे दर महिन्याला पैसे न भरता टीव्ही चालतो, तो कसा?" सांगते. पण त्यात माझी एक चूक आहे, तीही सांगावी लागेल.

2019 मध्ये ट्रायची नवी दरपद्धत आली. 100 वाहिन्यांपर्यंत 130 रुपये नेटवर्क शुल्क, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 153 रुपये 40 पैसे. पैसेवाल्या वाहिन्या त्याच्या वर वेगळ्या. आमचं केबलचं बिल 370 वर गेलं. हे तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि मी पडले कॉमर्सवाली. वर्षाचे 4,440 रुपये वहीत लिहिले आणि डोळ्यांत खुपले. त्यातल्या पाच-सहा वाहिन्यांपलीकडे आम्ही काही पाहतही नव्हतो. चातुर्मास तोंडावर होता. भोगोपभोग परिमाण व्रतात आपण भाज्या मोजतो, कपडे मोजतो, मग वाहिन्या का मोजू नयेत?

बोईसरला स्टेशनजवळच्या दुकानातून डीडी फ्री डिशचा सेट आणला. छत्री, एलएनबी, बॉक्स, वायर आणि बसवणाऱ्या मुलाची मजुरी धरून 1,850 रुपये. पाच महिन्यांत वसूल, असा माझा हिशोब.

ही सेवा प्रसार भारतीची. डिसेंबर 2004 मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, कारण खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन प्रसार भारतीला पैसे देतात आणि आपण त्यांच्या जाहिराती पाहतो. पूर्ण फुकट काहीच नसतं! जीसॅट-15 हा उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंच, 93.5 अंश पूर्वेला उभा आहे. पालघरहून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 57 अंश वर येतो. त्या मुलाने गच्चीवर छत्री अर्धा बोट इकडे, अर्धा बोट तिकडे केली आणि खालून हे ओरडले, "आलं, आलं!" मला जुने दिवस आठवले. मुंबई दूरदर्शनसाठी अँटेना फिरवायचो आणि कावळा बसला की चित्र पळायचं.

सह्याद्री आली, डीडी नॅशनल आली, बातम्या आल्या. मी त्याच दिवशी केबल बंद करायला सांगितली.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या बांना, मी विचारलंच नाही. त्या तेव्हा 84 वर्षांच्या. चोविहार करून, सूर्यास्तानंतर प्रतिक्रमण आटोपून त्या रात्री एकच मराठी मालिका बघायच्या. ती पैसेवाल्या वाहिनीवर, म्हणून फ्री डिशवर नव्हती. त्या रात्री त्यांनी विचारलं, "आपलं लागत नाही का गं?" मी म्हटलं, "बा, आता ते बंद केलं. चातुर्मासात तेवढाच त्याग." त्या काही बोलल्या नाहीत. माळ घेऊन टीव्हीसमोरच बसून राहिल्या. असं आठवडाभर चाललं.

एका संध्याकाळी सामायिकात बसले असताना, त्या 48 मिनिटांत, मला ते बोचलं. पच्चक्खाण ज्याचं त्याने घ्यायचं असतं. मी बांच्या नावावर त्याग लिहिला आणि वाचलेले पैसे माझ्या वहीत जमा केले. हा कसला त्याग? दिवसभर घर कामात असताना म्हाताऱ्या माणसाला तीच अर्ध्या तासाची सोबत होती.

दुसऱ्या दिवशी बांसमोर यादी ठेवली. त्यांनी दोनच वाहिन्या निवडल्या. केबल पुन्हा घेतली, बिल 190 रुपये. एकाच टीव्हीला दोन बॉक्स लावले, केबलचा एचडीएमआयवर आणि फ्री डिशचा एव्हीवर. बांच्या रिमोटला लाल दोरा बांधला. महिन्याची बचत 370 वरून 180 वर आली, खर्च फिटायला दहा महिन्यांच्या वर लागले. वहीत तसंच लिहून ठेवलंय.

पुढच्या पर्युषणात बा आपणहून म्हणाल्या, "आठ दिवस माझं बंद ठेव." तो त्यांचा नियम होता. संवत्सरीला मी त्यांच्या पायाशी बसून मागच्या वर्षीचं मिच्छामि दुक्कडम् मागितलं. त्या हसल्या, "कशाचं गं? मी विसरले." विसरल्या नव्हत्या.

आता बा नाहीत. केबल बंद आहे, फ्री डिश चालू आहे. कुणाला घ्यायची असेल तर एवढं लक्षात ठेवा. आग्नेयेला झाड किंवा इमारत आड येऊ देऊ नका. मुसळधार पावसात चित्र जातं, पाऊस ओसरला की येतं, लगेच माणूस बोलावू नका. आपल्याकडे खारी हवा, म्हणून नटबोल्टला ग्रीस लावून घ्या. खासगी वाहिन्या लिलावाप्रमाणे बदलतात, तेव्हा अधूनमधून बॉक्सवर नव्याने शोध घ्यावा लागतो.

आणि जुनी केबल तोडण्याआधी घरात सगळ्यांना विचारा. लाल दोऱ्याचा रिमोट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.