परदेशातली नोकरी, हिंगोलीतले भाड्याचे घर

कयाधूच्या काठावरचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव. परंपरेनुसार १२७० साली जन्मलेले नामदेव उत्तरायुष्यात पंजाबात गेले आणि गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे सुमारे वीस वर्षे राहिले. घर सोडून दूरदेशी दीर्घ मुक्काम करणारा माणूस हिंगोलीच्या या मातीला नवा नाही. नवी आहे ती उलट दिशेची वाट: नोकरी परदेशी कंपनीची आणि मुक्काम हिंगोली जिल्ह्यात.

आपल्यापैकी काहींना असा फोन आला असेल. मुलगी म्हणते, ‘बाबा, काम संगणकावरच आहे, वर्षभर तुमच्याजवळ येऊन करते.’ अशा नोकरदारांना थायलंड, स्पेन, पोर्तुगाल हे देशही दीर्घ मुक्कामाचा व्हिसा देतात. पण थायलंडच्या या व्हिसावर जोडीदार आणि वीस वर्षांखालील मुलेच सोबत नेता येतात, आईवडील नाहीत. घरी पंचाहत्तरी ओलांडलेली आई असेल, तर ज्याला खरोखर जवळ राहायचे आहे त्याने वसमत किंवा कळमनुरीत घर शोधावे, असे मी डॉक्टर म्हणून म्हणेन.

गावात वाडा असताना भाड्याचे घर कशाला, असे आपण विचाराल. जुन्या घराचा उंबरा उंच, न्हाणीघर अंगणापलीकडे, शौचालयाची बैठक उकिडवी आणि मोबाईलची रेंज गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नाही. त्यातून संबंधही ताणले जातात. वर्षभराच्या मुक्कामाला वेगळे पण पायी जाण्याजोग्या अंतरावरचे घर, किंवा आपल्यासकट सर्वांना सामावणारे तालुक्याच्या गावातले घर, हे दोन्ही पर्याय वाड्यातल्या दाटीपेक्षा बरे असतात.

घर कोणत्या गावात घ्यावे, हे मी दवाखान्याच्या अंतरावरून ठरवीन. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या जिल्ह्यात पाच तालुके आहेत: हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत. हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मोठ्या उपचारांसाठी मात्र अजून नांदेडचाच रस्ता धरावा लागतो. वसमतहून नांदेड तासाभरात येते, हिंगोलीहून जवळपास दोन तास लागतात. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून अर्धांगवायूचा झटका आला, तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि तत्पूर्वी सीटी स्कॅन करावा लागतो. त्या हिशेबात एक तास ही फार मोठी रक्कम आहे. हृदयविकार किंवा पूर्वी झटका आलेल्या व्यक्तीसाठी मी वसमत किंवा हिंगोली शहर सुचवीन. केवळ गुडघे दुखत असतील आणि रोज नागनाथाचे दर्शन हवे असेल, तर औंढा उत्तम. आठव्या ज्योतिर्लिंगाच्या सावलीत सकाळची फेरी आपोआप घडते, आणि चालण्याचे ते सर्वांत टिकाऊ निमित्त आहे. मात्र औंढ्याजवळच गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथली भाडी पुढे वाढतील असा माझा अंदाज आहे.

हळदीविषयी सावध करतो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीची हळदीची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण काढणीनंतर हळद शिजते, वाळते, ढोलात घालून चकचकीत केली जाते आणि पोत्यांनी बाजारात येते, तेव्हा हवेत जी पिवळी धूळ असते ती दमेकऱ्याच्या छातीला सोसत नाही. घरात दम्याचा किंवा जुन्या खोकल्याचा रुग्ण असेल, तर मोंढ्यालगतचे घर कितीही स्वस्त मिळाले तरी नको. हलकी झोप असणाऱ्यांनी हिंगोलीत रामलीला मैदानाच्या शेजारीही घर घेऊ नये. दसऱ्याची जत्रा पाहायला जाण्यात मौज आहे, उशाशी घेऊन झोपण्यात नाही.

आता घड्याळाकडे पाहू. घर शोधताना याचा विचार फारसे कोणी करत नाही. न्यूयॉर्कच्या कार्यालयाचे सकाळी नऊ ते सायंकाळी पाच म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच, हिवाळ्यात साडेसात ते साडेतीन. लंडनचे तेच तास दुपारी दीड ते रात्री साडेनऊ आणि हिवाळ्यात तासभर पुढे. अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा मुलगा मध्यरात्री जागा असतो, हा वृद्धांसाठी मोठा आधार आहे. लघवीला उठताना तोल जाण्याचे प्रसंग रात्रीच घडतात. पण पहाटे आपण उठता तेव्हा तो झोपलेला असतो. इन्सुलिन, रक्तदाबाची गोळी, न्याहारी हे सारे सकाळचे, आणि हृदयविकाराचे झटके सकाळच्या प्रहरी अधिक येतात हेही वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. म्हणून त्याची कामाची खोली आपल्या खोलीलगत असावी आणि झोपायची जरा आतली, जिथे मिक्सरचा आवाज पोहोचणार नाही. सकाळी सात ते अकरा या वेळेसाठी दुसरे माणूस हवे, मग ती सून असो, शेजारीण असो की पगारी मावशी. मुलगा घरी आहे म्हणजे सोबत आहे, असे गृहीत धरू नये. त्याचे काम घरातून असले तरी ते कामच आहे. बैठकीच्या मध्यात आपण हाक मारली तर तो उठू शकेलच असे नाही. टेबलावर एक घंटी ठेवावी आणि ती वाजली की काम सोडून यायचे, हे आधीच ठरवून घ्यावे.

घर पाहायला मुलाला एकट्याला पाठवू नका, आपण स्वतः जा. तो इंटरनेट पाहील, आपण न्हाणीघर पाहा. शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, तेव्हा तिच्यावर पाणी ओतवून चालून पाहा. कमोड आहे का, शेजारी भिंतीत धरायची दांडी बसवता येईल का, चाकाची खुर्ची जाईल इतके म्हणजे निदान बत्तीस इंच रुंद दार आहे का, पलंगावरून दिव्याचे बटण हाताशी येईल का, हे विचारा. तळमजला मिळाला तर उत्तम. पत्र्याचे छप्पर किंवा उघड्या गच्चीखालचा वरचा मजला घेऊ नका. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांवर जातो, आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या अंगातले पाणी व क्षार अशा खोलीत झपाट्याने घटतात. नळाला पाणी किती दिवसांआड येते आणि टाकी केवढी आहे, हे घरमालकाऐवजी शेजाऱ्याला विचारा. वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर हवाच. त्यावर मुलाचा राउटर आणि आपला पंखा दोन्ही चालले पाहिजेत.

आपल्याकडे घरे दलालापेक्षा किराणा दुकानदार, शिक्षक आणि औषधविक्रेते यांच्या तोंडून कळतात. दिवसा झोपणारा आणि रात्री इंग्रजीत बोलणारा भाडेकरू घरमालकाला संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. पहिल्या भेटीला आपण सोबत असाल आणि मुलगा कंपनीचे पत्र दाखवील, तर निम्मी शंका तिथेच फिटते. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करण्याची प्रथा आहे. तो नोंदणीकृत असावा, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यावी. अनामत रक्कम घर पाहिल्याशिवाय ऑनलाइन पाठवू नये. मुलगा परदेशातून परतत असेल, तर भारतातून काम करण्याची कंपनीची लेखी परवानगी हवी, आणि वर्षात १८२ दिवस भारतात राहिल्यावर करआकारणीत तो निवासी ठरतो, याविषयी सीएशी आधीच बोलावे.

करारात आणखी दोन ओळी आग्रहाने घाला. न्हाणीघराच्या भिंतीला भोके पाडून दांडी बसवण्यास आणि उंबऱ्याला लाकडी उतार करण्यास घरमालकाची संमती आहे, ही एक. दुसरी, घराची जादा किल्ली शेजारी ठेवण्याची मुभा आहे. मुलगा कानाला हेडफोन लावून बसला असेल, दार आतून बंद असेल आणि १०८ ची रुग्णवाहिका दारात उभी असेल, तेव्हा ती किल्ली लागते.