पोकळ अक्षरें

भविष्यकाळाचें चित्र काढण्याचा मक्ता ज्योतिष्यांकडे व कादंबरीकारांकडे असतो, असें लोक मानतात. आम्हांस त्या मालिकेंत अक्षरें घडविणाऱ्यांचीहि गणना करावीशी वाटते. विज्ञानकथेचें एखादें मुखपृष्ठ पाहावें: कंपासानें आखलेलीं वर्तुळें, पट्टीनें ओढलेल्या रेषा, आणि आंत शाई नाहीं, नुसती कड. हीं पोकळ अक्षरें दिसलीं कीं, पुस्तक उघडण्यापूर्वींच वाचक मनानें आकाशांत पोंचतो.

गंमत अशी कीं, भविष्याचा हा पोशाख आतां शंभरीला टेकला आहे. १९२७ सालीं जर्मनींत पॉल रेनर यांचा ‘फ्यूचुरा’ हा टाईप निघाला, नांवांतच भविष्य. त्याच वर्षीं रुडोल्फ कॉख यांचा ‘काबेल’ आला, आणि १९३१ मध्यें कॉख यांनीं काबेलच्याच भरीव रेषा बारीक समांतर रेषांत चिरून ‘प्रिज्मा’ तयार केला. त्यांत केवळ मोठीं अक्षरें आहेत. असला टाईप हांक मारण्यासाठीं असतो, गोष्ट सांगण्यासाठीं नव्हे. दोन शब्दांचा मथळा किंवा दुकानाची पाटी त्यांत शोभते. परिच्छेद छापला, तर डोळा कडांच्या जाळ्यांत घोटाळत राहतो.

देवनागरीला तर हा पोशाख अधिकच बेतानें चढवावा लागतो. आपलें प्रत्येक अक्षर स्वतःची शिरोरेषा घेऊन येतें. तीं सुटीं आखून शेजारीं ठेवलीं, तर प्रत्येक सांध्यावर उभी भिंत दिसते व शब्दाच्या खोल्या पडतात. त्या भिंती पुसून सबंध शब्दाभोंवतीं एकच कड फिरवावी, तेव्हांच तो शब्द वाटतो.

परंतु आम्हांस विचार करावयास लावते ती गोष्ट निराळीच. नव्या आकाराबरोबर नवें मनहि येईल, अशी त्या काळच्या अनेक कलावंतांची श्रद्धा होती. नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर टीका करणाऱ्या रेनर यांना १९३३ मध्यें अटक झाली व त्यांची नोकरी गेली. त्याच राजवटीनें आरंभीं जुन्या वळणाचें ‘फ्राक्टूर’ राष्ट्रीय म्हणून मिरविलें, आणि १९४१ च्या जानेवारींत तेंच यहुदी ठरवून टाकून दिलें. छापखान्यांत रोमन वळण आलें. अक्षर बदललें, हुकूम तेच राहिले. उलट, १९६९ मध्यें ‘अपोलो ११’ नें चंद्रावर ठेवलेल्या पट्टीवरील शांतीचा संदेश फ्यूचुरांतच कोरलेला आहे. तें पाहण्यास रेनर नव्हते. ते १९५६ मध्येंच वारले.

तात्पर्य, अक्षर पोकळ असो वा भरीव, तें एक भांडें होय. आपलीं मुलें शाळेच्या हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावर असलीं अक्षरें मोठ्या हौसेनें आखतात. त्यांना तीं अवश्य आखूं द्यावीं. मात्र त्या कडेच्या आंत काय भरावयाचें, हें कंपासाला विचारून भागत नाहीं.