बसरेवाले चच्चा

शेगावातल्या आमच्या घरात माणसांचे फोटो भिंतीवर लावत नाहीत. नमाज पढायच्या खोलीत चेहरे नकोत, असा दादींचा दंडक. म्हणून घरातला सर्वांत जुना फोटो संदुकीत, दादींच्या निकाहाच्या ओढणीखाली राहिला आणि उन्हापासून वाचला.

विशीतला एक शिपाई उभा आहे. मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. खाकी कोट, पायांना गुंडाळलेल्या पट्ट्या, एक हात तिपाईवर. मिसरूड नुकतेच फुटलेले. खांद्याच्या पितळी बिल्ल्यावर 110.

हे अब्बांच्या आजोबांचे धाकटे भाऊ. घरात सगळे ‘बसरेवाले चच्चा’ म्हणत. खरे नाव दादींनाही ठाऊक नव्हते. ‘वो गए सो गएच,’ एवढेच त्या सांगत.

110 म्हणजे 110वी मराठा लाइट इन्फंट्री. नाव मराठा, पण या पलटणींत दखनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. वर्गात हे सांगितले की आमची मुले चमकून बघतात. 1914 मध्ये पुण्याची सहावी डिव्हिजन इराकला निघाली आणि त्याच नोव्हेंबरात तुर्की सुलतानाने, म्हणजे खलिफाने, इंग्रजांविरुद्ध जिहाद पुकारला. खुत्ब्यात ज्याच्यासाठी दुआ मागायची, त्याच्याच फौजेवर बंदूक रोखायची! या पोराने कोणाशी बोलून मन हलके केले असेल? पुढे कुतला वेढा पडला. घोडे, खेचरे कापून खायची वेळ आली. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे तेरा हजार जण शरण गेले. त्यांतले हजारो कैदेत मेले.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी सुभेदार-जमादारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. ही स्मारके सांभाळणाऱ्या कमिशनने अशा भेदभावाबद्दल 2021 मध्ये माफी मागितली. माफीचे ठीक आहे. पण आमच्या घरानेही फोटोच्या पाठीवर नाव कुठे लिहिले?

गेल्या सुट्टीत आम्ही सातवीच्या मुलांना सांगितले, घरातले जुने फोटो काढा आणि थोरांना विचारून मागे पेन्सिलीने नावे लिहा. एक मुलगी पाच फोटो घेऊन आली. तिघांची नावे मिळाली होती. चौथ्यासाठी ती नानीला घेऊन बाळापूरला जाणार आहे, तिथे एक म्हाताऱ्या खाला अजून हयात आहेत म्हणे.